‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणालो आणि पाकळीच हातात आली: मोठी देणगी मागावी कशी?

वाड्यातला_खजिनदार

नमस्कार. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आमची संस्था गेली १९ वर्षे श्रवणदोष असलेल्या लहान मुलांसाठी वाचा-उपचार केंद्र चालवते. त्यांपैकी ९ वर्षे मी तिचा खजिनदार आहे. वर्षाला साधारण १४ लाख रुपये जमतात. ते सुमारे ३०० लोकांकडून, ५०० ते १०,००० रुपयांच्या पावत्यांमधून येतात आणि त्यात दोन उपचारतज्ज्ञांचे मानधन, भाडे आणि वीजबिल भागते. आता वाडा पुनर्विकासाला जाणार असल्याने मालकांनी पुढच्या जूनपर्यंत जागा सोडायला सांगितली आहे. सिंहगड रस्त्यावर ११०० चौरस फुटांची एक जागा आम्ही पाहून ठेवली आहे, पण मुद्रांक शुल्क आणि श्रवण तपासणीसाठी लागणारी आवाजबंद खोली धरून तिचा हिशेब ९० लाखांवर जातो.

गेल्या महिन्यात एका पालकांच्या ओळखीने मी आणि आमचे अध्यक्ष एरंडवण्यात राहणाऱ्या एका निवृत्त उद्योजकांना भेटलो. २२ पानी पुस्तिका, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, छायाचित्रे असे सगळे बरोबर नेले होते. अध्यक्ष ४० मिनिटे बोलले. गृहस्थांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतले, चहा मागवला आणि विचारले, ‘बरं, माझ्याकडून आपली काय अपेक्षा आहे?’ आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, कारण आमचे ठरलेलेच काही नव्हते. शेवटी अध्यक्ष म्हणाले, ‘आपल्याला जमेल ते, फूल ना फुलाची पाकळी.’ त्यांनी खणातून चेकबुक काढले आणि ११,००० रुपयांचा धनादेश लिहून दिला. माझ्या मनात २५ लाखांचा आकडा होता, तो ओठांवर आला नाही.

छोट्या देणग्या मागण्याची आम्हाला सवय आहे, मोठी रक्कम मागताना मात्र जीभ जड होते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की मागायचे कोणाकडे, किती, आणि कोणत्या शब्दांत? शिवाय या गृहस्थांकडे पुन्हा जाता येईल, की ते दार आता बंद झाले असे समजावे?

निवृत्त_कार्यवाह

मी एका शिक्षणसंस्थेच्या निधीसंकलनाचे काम १६ वर्षे पाहिले, त्या अनुभवावरून लिहिते. आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. दार बंद झालेले नाही. जो माणूस ‘काय अपेक्षा आहे’ असे आपणहून विचारतो, तो नाही म्हणण्याच्या बेतात नसतो. त्यांनी आपल्याला आकडा विचारला आणि आपण तो त्यांच्यावरच सोपवला. नम्रतेपोटी म्हटलेल्या ‘जमेल ते’ या शब्दांचा देणाऱ्याच्या कानी पडणारा अर्थ ‘आमचे काही अडलेले नाही’ असा होतो. ११,००० ही घरी आलेल्या सभ्य माणसांना रिकाम्या हाती न पाठवण्याची रक्कम आहे. तिला आपल्या कामाचे मोल समजू नये.

आता किती मागायचे ते पाहू. ९० लाखांना ३०० दात्यांनी भागून प्रत्येकी ३०,००० असा हिशेब आपल्या एखाद्या बैठकीत नक्की झाला असेल, कारण तो सगळीकडे होतो आणि सगळीकडे फसतो. मोठा निधी असा सारख्या वाटण्यांनी उभा राहत नाही. तो उतरंडीसारखा रचावा लागतो. आपल्या बाबतीत २० लाखांची एक देणगी, १० लाखांच्या दोन, ५ लाखांच्या चार आणि २ लाखांच्या दहा, असे ८० लाख झाले. उरलेले १० लाख आपले नेहमीचे ३०० लोक देतील. हा कागद तयार झाला की बैठकीतली चर्चा एकदम जमिनीवर येते. १७ मोठ्या देणग्या हव्यात, आणि प्रत्येक देणगीमागे तीन-चार संभाव्य नावे धरावी लागतात, म्हणजे ५० ते ७० नावांची यादी आपल्याकडे असली पाहिजे. आपल्या यादीत आज किती नावे आहेत?

या यादीत नाव घालण्यासाठी केवळ श्रीमंती पुरेशी नसते. त्या माणसाची ऐपत आहे का, या विषयाशी त्याचा काही संबंध आहे का, आणि त्याचा फोन उचलला जाईल असा आपल्यातला कोणी आहे का, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर नाही असेल तर ते नाव बाजूला ठेवावे. पुण्यातल्या सगळ्या संस्था त्याच आठ-दहा उद्योजकांच्या दारात रांग लावतात. याउलट, १२ वर्षांपूर्वी आपल्या केंद्रातून बोलायला शिकून गेलेल्या मुलाचे वडील आज चाकणला स्वतःचा कारखाना चालवत असतील, तर त्यांना कोणी विचारलेलेही नसते.

याहीआधी एक गोष्ट करावी लागेल आणि ती थोडी कटू आहे. आपल्या विश्वस्तांनी स्वतः किती दिले? रक्कम किती हा मुद्दा नाही, निवृत्त शिक्षकाने १०,००० दिले तरी चालतील, पण झाडून सर्व विश्वस्तांनी दिलेले असले पाहिजेत. हा प्रश्न अनुभवी दाता विचारतोच, आणि न विचारणाऱ्याच्या मनातही तो असतो.

प्रत्यक्ष मागताना दोघांनी जावे, दोघांपैकी एकाने आकडा उच्चारायचा हे घरून ठरवून जावे आणि पुस्तिका पिशवीतच ठेवावी. आकडा उच्चारल्यावर गप्प बसावे. सगळ्यांत अवघड भाग हाच आहे. आपण मराठी माणसे रक्कम सांगून झाली की लगेच ‘म्हणजे अगदी तेवढीच पाहिजे असे नाही’ असे स्वतःच घासाघीस सुरू करतो.

पर्वतीपायथा

वरील सल्ला व्यवहार्य असेल, पण मला त्याविषयी एक मूलभूत शंका आहे. ३०० लोकांच्या छोट्या रकमांवर चालणारी संस्था ही ३०० लोकांची असते, आणि २० लाख देणारा एक माणूस आला की ती हळूहळू त्याची होऊ लागते. त्याच्या भाच्याला नोकरी, त्याच्या आईच्या नावाची पाटी, वार्षिक समारंभात त्याचे अर्ध्या तासाचे भाषण, हे क्रमाने येतेच. आपल्याकडे याहून निराळी परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी उभारलेल्या पैसा फंडात माणशी पैसा-पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. टिळकांनी त्या फंडाला पाठबळ दिले ते त्यातल्या लोकसहभागासाठीच. आपल्या ३०० दात्यांना ३,००० करण्याचा विचार संस्थेने का करू नये?

निवृत्त_कार्यवाह

पैसा फंडाचे उदाहरण मोलाचे आहे, पण त्याच काळातले दुसरे उदाहरणही शेजारी ठेवायला हवे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले ते १९२० साली. म्हणजे मोठी देणगी आली तेव्हा कर्व्यांच्या कामाला २४ वर्षे होऊन गेली होती आणि काम डोळ्यांनी पाहता येत होते. लहान देणग्या आणि मोठी देणगी यांत वैर नाही, मोठा दाता आधीची लहान नावे वाचूनच पुढे येतो.

पाटीबद्दल म्हणाल, तर ठाकरसींच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे, नाव विद्यापीठाला दिले गेले आणि पुणेकरांनी त्याचे एसएनडीटी करून टाकले. न्यू पूना कॉलेजला सर परशुरामभाऊंचे नाव मिळाले, ते एसपी झाले. दात्याला नाव मिळते, ते उच्चारले जाईलच याची हमी मात्र या शहरात कोणी देऊ शकत नाही. आणि अगदी वेगळेही घडलेले आहे. १९३० साली रावबहादूर काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या निधीतून अर्थशास्त्राची जी संस्था उभी राहिली, तिला नाव गोखल्यांचे मिळाले.

आपली भीती निराधार नाही, हे मात्र मान्य. त्यावर माझा उपाय असा, की नाव कशाला देता येईल, किती रकमेला आणि किती वर्षांसाठी, याचा ठराव दाता समोर येण्यापूर्वीच विश्वस्त मंडळाने करून ठेवावा. समोर धनादेश असताना कोणालाही तत्त्वे आठवत नाहीत. आणि दात्याला विश्वस्तपद देऊ केलेच जाऊ नये, निदान पहिली तीन वर्षे तरी.

३,००० दात्यांचा मार्ग उत्तम आहे, पण त्यांच्या ३,००० पावत्या, ३,००० पत्रे आणि ३,००० पॅन क्रमांक जूनपूर्वी कोण गोळा करणार? खजिनदारसाहेब एकटेच आहेत असे दिसते.

भोसरी_एमआयडीसी

मी देणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून दोन शब्द. माझा छोटा यंत्रभागांचा कारखाना आहे आणि वर्षाकाठी तीन-चार लाख रुपये मी वेगवेगळ्या संस्थांना देतो. फार मोठा दाता नाही, पण माझ्याकडे येणारे लोक मोठ्या दात्यांकडेही जात असल्याने त्यांच्या पद्धती मला ठाऊक झाल्या आहेत.

पहिली तक्रार म्हणजे आमची आठवण मार्च महिन्यातच का येते? १५ मार्चनंतर माझ्याकडे दिवसाला दोन संस्था येतात. त्याच महिन्यात आम्हाला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता, बँकेची स्टेटमेंट आणि गिऱ्हाइकांची वसुली एकदम सांभाळायची असते. ऑगस्टमध्ये या, निवांत बोलू.

दुसरी गोष्ट घडलेली आहे, संस्थेचे नाव लिहीत नाही. एका वसतिगृहाला मी सौरऊर्जेवरच्या पाणीतापकासाठी सव्वादोन लाख रुपये दिले. सात महिने काही कळले नाही. आठव्या महिन्यात दुसऱ्या मदतीसाठी फोन आला, तेव्हा मी पाणीतापकाची चौकशी केली. पलीकडून उत्तर आले, ‘तो निधी सध्या पगाराकडे वळवला आहे, तापक पुढच्या वर्षी नक्की.’ पगार थकले होते हे त्यांनी मला आधी सांगितले असते तर मी पगारासाठीही दिले असते. न विचारता वळवले म्हणून मी तिथे देणे थांबवले. त्या लोकांना मी अप्रामाणिक म्हणणार नाही. पण माझ्या पैशाचे काय झाले हे मला फोन करून काढून घ्यावे लागले, एवढे पुरे झाले.

आता आपल्याविषयी. २२ पानी पुस्तिका मी वाचत नाही. मला एका कागदावर एवढेच हवे असते, की किती पाहिजेत, कशासाठी, आतापर्यंत किती जमले, आणि जमले नाहीत तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक संस्थांकडे उत्तर नसते. आणि शक्य असेल तर मला घरी भेटायला येऊ नका, मला तुमच्याकडे बोलवा. कारखान्यात माणूस घेतानासुद्धा आम्ही बायोडेटा बाजूला ठेवून त्याला यंत्रावर उभे करतो.

वाड्यातला_खजिनदार

सर्वांचे आभार. ताईंच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की आमच्या यादीत नऊ नावे होती आणि त्यांपैकी चारांना आमच्यापैकी कोणीही ओळखत नाही. विश्वस्तांच्या देणगीचा विषय काल बैठकीत काढला. दोन मिनिटे कोणी बोलले नाही. मग आमच्या सर्वांत वयस्क विश्वस्तांनी, ज्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, पर्समधून २५,००० चा धनादेश काढून टेबलावर ठेवला. त्या तो घरून लिहूनच आल्या होत्या. रात्रीपर्यंत सातही जणांचे आकडे आले आणि बेरीज ६ लाख ४० हजार झाली.

आता करांबाबत विचारतो. आमच्याकडे ८० जी (दात्याला आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी) आहे, पण मोठ्या रकमेच्या बाबतीत आणखी काय पाहावे लागते? आणि अध्यक्षांचे एक आतेभाऊ कॅलिफोर्नियात आहेत, ते पाच लाख द्यायला तयार आहेत. ते घेता येतील का?

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे आणि काही धर्मादाय संस्थांचे लेखापरीक्षण करतो. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. मी इथे सर्वांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांक वापरतो, प्रत्यक्ष कागद करताना आपल्या लेखापालांकडून नवे क्रमांक लावून घ्यावेत.

‘५० टक्के करसवलत’ हे पुस्तिकेवर ठळक छापण्यापूर्वी मोठ्या दात्याच्या बाबतीत ती किती होते ते पाहावे. समजा दात्याचे वर्षाचे उत्पन्न ५० लाख आहे आणि त्यांनी २५ लाख एकरकमी दिले. आपल्यासारख्या संस्थांना दिलेल्या देणगीवर ८० जीची वजावट उत्पन्नाच्या १० टक्के मर्यादेतच मोजली जाते, म्हणजे २५ पैकी ५ लाखच हिशेबात येतात आणि त्याच्या निम्मे, अडीच लाख, एवढीच वजावट मिळते. तेच २५ लाख त्यांनी दरवर्षी ५ लाख असे पाच वर्षांत दिले, तर दरवर्षी अडीच लाख, एकूण साडेबारा लाखांची वजावट होते. दात्याला हे आपण आधी सांगितले तर तो आपल्याला आपला माणूस समजतो. नंतर त्याच्या लेखापालाने सांगितले तर आपली शोभा होते. हे सर्व दाता जुन्या करपद्धतीत असेल तरच. नव्या करपद्धतीत ही वजावट नाहीच, आणि २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच मूळ धरली जाते. त्यामुळे करसवलतीच्या बळावर मागण्याचे दिवस पुष्कळ अंशी संपले आहेत.

हप्त्यांनी देणगी आली आणि जागेचे पैसे एकदम द्यायचे असतील, तर मधल्या काळासाठी कर्ज काढण्याचा मोह होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ नुसार विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय सहसा कर्ज घेता येत नाही. परवानगीला वेळ लागतो, तो जूनच्या हिशेबात धरावा. जागा घेतल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करण्यास विसरू नये.

रोख रकमेचा प्रश्न येईलच. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८० जी लागू होत नाही. प्रत्येक दात्याची ओळख, शक्यतो पॅन, घेऊन फॉर्म १० बीडी, म्हणजे वर्षभरातल्या देणग्यांचे विवरण, ३१ मेपर्यंत भरावा लागतो आणि त्यातूनच दात्याचे १० बीई प्रमाणपत्र निघते. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. आमच्या एका अशिलाने तीन देणग्यांचे पॅन चुकवले होते, जुलै महिनाभर त्या तीन दात्यांचे फोन मीच घेत होतो.

गुप्तदानाबद्दल सावध राहावे. ‘माझे नाव कुठे लावू नका’ असे म्हणणारा दाता वेगळा आणि वहीतही ज्याचे नाव-पत्ता नाही असा दाता वेगळा. पहिला चालतो. दुसऱ्या प्रकारची रक्कम एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांपैकी जे अधिक असेल त्याच्या वर गेली, तर तेवढ्या भागावर ३० टक्के कर बसतो.

आतेभावांबद्दल विचारताना ते कुठे राहतात हे पाहू नये, त्यांचा पासपोर्ट कोणता आहे हे पाहावे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील तर ती विदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी ती विदेशी देणगीच आहे, मग त्यांनी पुण्यातल्या खात्यातून रुपयांत दिली तरीही. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी आणि भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते. ‘घरातलेच आहेत’ म्हणून ती रक्कम अध्यक्षांच्या खात्यातून फिरवून घेण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडून द्यावा.

बाणेरवाली

मी एका कंपनीत सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे, काम पाहते. आपण कंपन्यांचा विचार केलेला दिसत नाही, म्हणून लिहिते.

ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. लोक या नियमाचे मोठ्या कंपन्यांकडचे टोक पाहतात आणि हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींना ईमेल पाठवत बसतात. तिथे विषय, जिल्हा आणि भागीदार संस्था बहुधा आधीच ठरलेल्या असतात. आपण दुसऱ्या टोकाला पाहावे. ज्या कंपनीची वर्षाची जबाबदारी ५० लाखांपर्यंत आहे तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवते. चाकण, रांजणगाव, भोसरी भागात कुटुंबाने चालवलेल्या अशा कंपन्या आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकींना चांगली संस्था शोधायला वेळही नसतो.

त्यासाठी आपल्याकडे सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांची) नोंदणी आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, जो आपल्याकडे आहेच. सीएसआरमधून कायम निधीसाठी, म्हणजे संस्थेच्या मूळ भांडवलासाठी, पैसे मिळत नाहीत. मात्र तपासणी खोलीची उपकरणे, आवाजबंद भिंती, एका वर्षाचे उपचार हे प्रकल्प म्हणून मांडता येतात. त्यामुळे जागेसाठी व्यक्तींकडे आणि खोलीसाठी कंपनीकडे, अशी विभागणी मी सुचवेन. जानेवारीनंतर कंपन्यांना शिल्लक रक्कम खर्चायची घाई असते हे खरे, पण त्या घाईत मिळालेला पैसा ३१ मार्चपूर्वी खर्च झालेला दाखवावा लागतो आणि बांधकाम तोवर झालेले नसते. एप्रिल-मेमध्ये भेटावे.

पर्वतीपायथा

नाव देण्याबाबतचा ठराव आधी करण्याची सूचना मला पटली. दात्याच्या भाच्याविषयीची शंका मात्र कायम आहे.

वाड्यातला_खजिनदार

जवळपास दोन महिन्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही घडल्याशिवाय धागा वर आणणे बरे वाटले नाही.

भोसरीच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे त्याच गृहस्थांना आम्ही केंद्रात बोलावले. मागण्याचा विषय निघणार नाही, असे आधीच कळवले होते. ते सकाळी साडेदहाला आले. त्या वेळी चार वर्षांच्या एका मुलाची तपासणी चालू होती. त्याच्या कानांवर हेडफोन असतात, हातात लाकडी मणी असतो आणि आवाज ऐकू आला की मणी डब्यात टाकायचा, असा तो खेळ असतो. आमच्या शेजारचा वाडा पाडून झाला आहे आणि तिथे पायासाठी खडक फोडण्याचे काम चालते. ड्रिल सुरू झाले की त्याची थरथर भिंतीतून आत येते, मूल गोंधळते आणि मणी हातातच राहतो. उपचारतज्ज्ञ बाई शांतपणे यंत्र बंद करतात, मुलाशी चेंडू खेळतात आणि आवाज थांबला की पुन्हा सुरुवात करतात. त्या दिवशी ४० मिनिटांत हे तीन वेळा झाले. गृहस्थ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. जाताना त्यांनी एवढेच विचारले, की हे रोज असेच चालते का.

दहा दिवसांनी मुख्याध्यापिकाबाई आणि मी त्यांच्या घरी गेलो. अध्यक्षांनी मोठ्या मनाने घरी थांबणे पत्करले. एकच कागद नेला होता. मी आकडा सांगायचा असे ठरले होते. मी म्हणालो, ‘आपण या जागेसाठी २५ लाख रुपये द्यावेत, अशी विनंती करायला आम्ही आलो आहोत.’ त्यानंतर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता. बाई काहीतरी बोलणार असे वाटले, तेवढ्यात बाईंनी स्वतःच बशीतला चिवडा उचलून तोंडात टाकला. नंतर म्हणाल्या, गप्प बसण्याचा तेवढा एकच उपाय समोर होता.

गृहस्थांनी कागद दोनदा वाचला. पहिला प्रश्न विश्वस्तांनी किती दिले हाच होता. बाईंनी सातही जणांचे आकडे सांगितले, स्वतःचे २५,००० सुद्धा. त्यावर ते म्हणाले, ‘२५ जमणार नाहीत. १५ देईन, तीन वर्षांत, पहिले ५ या महिन्यात. आणि माझ्या ओळखीचे दोघे आहेत, त्यांना मी स्वतः तिथे घेऊन येईन, ड्रिल चालू असताना.’ मी ८० जीचा हिशेब काढू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवले. ते नव्या करपद्धतीत आहेत. नाव कुठेही लावायचे नाही, अशीही अट आहे. पर्वतीपायथा यांच्यासाठी सांगतो, की त्यांना भाचा आहे, पण तो टोरांटोत असतो.

आजपर्यंतची बेरीज ३८ लाख आहे. दोन माजी विद्यार्थ्यांच्या पालकांनी प्रत्येकी ५ लाख दिले, त्यांपैकी एकांनी ‘इतकी वर्षे कोणी विचारलेच नाही’ असे म्हटले, ते लागले. आतेभाऊ अमेरिकी नागरिक निघाले, त्यांना नकार कळवला आहे. जूनची मुदत मालकांनी ऑगस्टअखेरपर्यंत वाढवून दिली आहे. आता लेखापाल महोदयांना शेवटचा प्रश्न विचारतो. ही १५ लाखांची रक्कम कायम निधीत दाखवता येईल का, आणि दात्याकडून कसले पत्र घ्यावे?

जमाखर्च

अभिनंदन. रक्कम कायम निधीत दाखवता येईल, मात्र त्यासाठी दात्याचा तसा स्पष्ट लेखी निर्देश हवा. आपल्या पावतीवर आपणच ‘कायम निधी’ असा शिक्का मारणे पुरेसे नाही. कायम निधी ठरलेल्या प्रकारांतच गुंतवावा लागतो आणि स्थावर मालमत्ता हा त्यांपैकी एक प्रकार आहे, त्यामुळे आपल्याला अडचण नाही. फक्त तो खर्च वर्षाच्या ८५ टक्के विनियोगात (करमाफीसाठी संस्थेने उत्पन्नातून कामावर करायच्या खर्चात) धरता येणार नाही, हे वार्षिक हिशेबाच्या वेळी लक्षात ठेवावे.

पत्र साधे असावे: ‘ही रक्कम मी संस्थेच्या कायम निधीसाठी देत असून तिचा उपयोग केंद्रासाठी जागा खरेदी करण्याकरिता व्हावा.’ खाली नाव, पत्ता, पॅन आणि सही. पाटीवर नाव नको असले तरी पत्रावर आणि १० बीडीत ते हवेच, हे त्यांना समजावून सांगावे. तिन्ही हप्त्यांसाठी प्रत्येक वेळी वेगळे पत्र घ्यावे आणि त्याची तारीख धनादेशाच्या दिवसाची किंवा त्याआधीची असावी.

वाड्यातला_खजिनदार

पहिल्या पत्राचा मसुदा तयार केला. उद्या सकाळी ११ वाजता सही घ्यायला जात आहे, मुख्याध्यापिकाबाईंना बरोबर घेऊन.